सुंभ गेला, पीळ राहिला

जर्मनीतल्या उल्महून निघालेली छोटी गाडी आख नदीच्या खोऱ्यात शिरली आणि दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढरे कडे दिसायला लागले. मला शेल्कलिंगेनजवळची होले फेल्स गुहा बघायची होती. स्वाबियन युराच्या डोंगरातल्या अशा सहा गुहा 2017 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

गुहेचं तोंड अगदी साधं आहे. आत बोगद्यासारखी वाट, आणि पुढे एकदम भलंमोठं दालन. बाहेर ऊन होतं, आत मात्र जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. उत्खननाचा खड्डा वाटेतच लागतो. इथली माती नुसती उकरून टाकत नाहीत, चाळणीवर पाण्याने धुऊन घेतात. नखाएवढा मणी एरवी कुणाच्या नजरेला पडणार? 2008 मध्ये याच खड्ड्यात, आजच्या जमिनीखाली सुमारे तीन मीटरवर, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली स्त्रीची मूर्ती तुकड्यातुकड्यांत मिळाली. जवळच गिधाडाच्या हाडाची, बोटांसाठी पाच भोकं असलेली बासरीही सापडली.

या वस्तू बघायला ब्लाउबॉयरेनच्या संग्रहालयात यावं लागतं. मूर्ती जेमतेम सहा सेंटीमीटरची. तिला डोकं नाही, तिथे एक छोटी कडी आहे, आणि ती झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे ही कुणाच्या तरी गळ्यातलं पदक असणार! फोटोत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

शेजारच्या कपाटातले मणी बघायला मात्र मी काचेला नाक लावून उभा राहिलो. एका मण्याला दोन भोकं, अगदी शेजारीशेजारी. हस्तिदंताची बारीक कांडी करायची, तिला खाचा पाडून तुकडे तोडायचे, मग ते घासून पातळ करायचे आणि गारगोटीच्या टोकाने भोकं पाडायची. यातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर राहिलेले अर्धवट तुकडेही मिळालेत, म्हणून कृती कळली. मला तर तयार मण्यांपेक्षा ते अर्धवटच जास्त आवडले. आणि हे सगळं कधीचं, तर सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीचं. धातू, मडकी, शेती यांपैकी काहीच नसतानाचं.

पण खरा अडकलो तो एका पट्टीपाशी. वीस सेंटीमीटरची हस्तिदंती पट्टी, तिला ओळीने चार भोकं. 2015 मध्ये सापडलेली. अशा भोकं पाडलेल्या वस्तू दुसरीकडेही मिळाल्यात आणि अभ्यासकांनी त्यांना कधी राजदंड ठरवलं, कधी वाद्य, कधी नुसती कलाकुसर. (कळलं नाही की राजदंड, ही सोय बरी आहे.) इथे मात्र भोकांच्या आतल्या कडांना मळसूत्रासारख्या तिरक्या खाचा आहेत, एकसारख्या आणि मुद्दाम कोरलेल्या. ही पट्टी दोर वळायची होती! प्रत्येक भोकातून तंतूंची एकेक लड ओवायची. खाचांमुळे पीळ टिकतो आणि पुढे सगळ्या लडी एकमेकींत वळल्या जातात. संशोधकांनी तशीच पट्टी करून पाणकणसाच्या पानांवर प्रयोग केला. चार-पाच जणांनी मिळून दहा मिनिटांत पाच मीटर मजबूत दोर वळला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभ कधीच कुजून गेलाय आणि पीळ हस्तिदंतात तसाच आहे.

परतीच्या गाडीत बॅगेचा बंद सोडून त्याला पीळ देत बसलो. एक टोक दातात, दुसरं हातात. जरा बोटं ढिली पडली की सगळा उलटा फिरून मोकळा व्हायचा. दुसरं टोक धरायला समोर कुणी बसलेलं नव्हतं.