18 कॅरेट रोझ गोल्ड अपडेट: पत्रा फाटला नाही!!

तर मंडळी, रोझचा (75 टक्के सोनं, 25 टक्के तांबं) पत्रा अखेर 0.5 एमएमपर्यंत उतरला, कड स्वच्छ, भिंगाखाली पण एक तडा दिसत नाही. मागच्या वेळी जे रडगाणं गायलं होतं ना, रोलरखाली थोडा पातळ झाला की कडेनं फाटतो, ते संपलं (पत्र्यापुरतं तरी, पुढे येतोच).

आधी संशय अर्थातच मालावर. शिसं किती वाईट ते सगळ्यांना माहितीये, एका टक्क्याचा शंभरावा ते विसावा भाग शिरलं तरी सोनं ठिसूळ होतं. त्यामुळे यावेळी मूस (वितळवायचं भांडं) कोरी, टांकणखार (वितळवताना घालायचा बोरॅक्स) नवा, तांबं ऑक्सिजन-फ्री आणि सोनं 999 (हजारात 999 भाग शुद्ध). वजनपण नीट, कारण 999 चं 7.50 ग्रॅम घेऊन 10 ग्रॅम केलं तर 749 च येतं, मी 7.51 घेतो. पाण्यात तोलून घनता 14.9 आली, गणितानं 15 च्या आसपास यायला हवी, एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी कस मोजणारं यंत्र) पण 750. आणि तरी आधी फाटलंच! कस चोख आणि पत्रा बिस्किटासारखा, डोकं फिरायची वेळ आली.

(घनतेसाठी दोन दशांशाचा काटा घेऊ नका बरं का. 10 ग्रॅमच्या लगडीची पाण्यात तूट साधारण 0.67 ग्रॅम, त्यात 0.01 इकडेतिकडे झालं की उत्तर 0.2 नं हलतं. तीन दशांशाचाच घ्या.)

मग एकदा हिशोब वजनाऐवजी अणूंचा मांडून बघितला आणि ट्यूब पेटली. सोन्याचा अणू 197, तांब्याचा 63.5, म्हणजे तिप्पट जड, मग वजनानं 75:25 असलेलं रोझ अणूंच्या संख्येत जवळजवळ एकास एक निघतं! आणि नेमक्या याच प्रमाणाला साधारण 410 अंशांच्या खाली दोन्ही अणू आपापली जागा धरायला लागतात, एक थर सोन्याचा एक तांब्याचा, जाळी एका बाजूनं आखडते, आतून ताण येतो आणि धातू कडक होतो. तापवून विटेवर तसाच गार होऊ दिला की या सगळ्याला निवांत वेळ मिळतो. 22 कॅरेटला तसं चालतं, तिथे तांबं कमी.

आता 650 अंशांना ॲनिल करतो (तापवून मऊ करतो), लाली मावळली रे मावळली की थेट पाण्यात. भडक लाल असताना टाकायचं नाही, तेव्हा धक्क्यानंच तडकू शकतं. पत्रा इतका मऊ निघाला की हातानं वाकवून बघत बसलो होतो, काम सोडून.

तयार मास्टर अलॉय (सोन्यात मिसळायचं तयार मिश्रण) घ्या म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, आत सिलिकॉन आहे का ते आधी विचारा. कास्टिंगला मस्त, चकाकी छान येते, पण रोलिंगला नको, कणांच्या सीमेवर जाऊन बसतं. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

पुढचा बेत 3 टक्के चांदी घालून तांबं 22 वर आणायचा होता, म्हणजे ही भानगड थोडी सौम्य होईल. पण लिहितालिहिता वाटतंय की कडकपणा फुकट मिळतोय तर तो वापरावाच की! हुकाची जीभ (अडकवायची लवचिक पट्टी) मऊ असतानाच घडवायची आणि मग 280-300 अंशांवर धरून मुद्दाम कडक करायची, स्प्रिंग तयार. चांदीवाली लगडी सध्या बाजूला.

अडचण डाग लावताना (सोल्डरनं जोडताना) आहे. डाग दिल्यावर दागिना पुन्हा त्याच 410 मधून गार होत येणार, नुसत्या कड्याला पाण्यात टाकता येतं पण खडा बसवलेला असेल तर खडाच तडकायचा. म्हणजे डागाचं सगळं काम आधी, खडा शेवटी थंड बसवायचा, आणि दुरुस्तीला आलेल्या रोझ अंगठीचं काय करायचं हे अजून सुचलेलं नाही. कुणी लेझरनं जोडून बघितलंय का? उष्णता तेवढ्याच जागी लागते, म्हणजे जमायला हवं.