डोळ्यांवरची पट्टी

काल सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा बॅले पाहिला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लियम स्कार्लेटने मेरी शेलीच्या 1818च्या कादंबरीवरून बसवलेला हा तीन अंकी बॅले 2016 साली लंडनमध्ये पहिल्यांदा झाला आणि पुढच्याच वर्षी इथे आला. शवविच्छेदनाचे ते सभागृह, मृतदेहांच्या तुकड्यांतून उभा राहिलेला जीव, जस्टिनची फाशी, असे अंगावर येणारे त्यात पुष्कळ आहे, पण मला त्याची भीती वाटली नाही. मी अडकले ती दुसऱ्या अंकातल्या आंधळ्या कोशिंबिरीपाशी.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या धाकट्या भावाच्या, छोट्या विल्यमच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि व्हिक्टरने घडवून वाऱ्यावर सोडलेला तो जीव त्याच्याशी खेळू लागतो. मुलगा त्याला चाचपडतो आणि जराही बिचकत नाही. त्या टाके घातलेल्या अंगात तेवढ्यापुरता इतका हळुवारपणा येतो की, पट्टी निघूच नये असे मला वाटत राहिले. ती निघते, मुलगा भेदरतो, आणि पुढचे पाहवत नाही.

फोनवर “आजी, पुढे सांग ना” म्हणून गोष्टीसाठी हट्ट धरणारा निहार विमानतळावर मुग्धाच्या मागे लपला, ते मला तिथे बसल्याबसल्या आठवले. माझा चेहरा असा झाल्यापासून मी व्हिडिओ लावतच नव्हते. मुग्धा म्हणते, लहान आहे, सवय होईल. होईलही. पण माझा आवाज तोच होता, गोष्टीही त्याच होत्या. मग एवढ्याशा मुलालासुद्धा चेहराच आधी का दिसावा, या विचाराने मला मध्यंतरात रडू आले, आणि आपल्याच वाट्याला हे का, असेही अगदी उघडपणे वाटले.

आज सकाळी मुग्धाच्या कपाटातून कादंबरी काढून डी लेसीचा भाग पुन्हा वाचला. हा आंधळा म्हातारा त्या जीवाशी मायेने बोलतो, आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स येऊन काठीने मारेपर्यंत त्या दोघांत खरा संवाद होतो. कादंबरीतला तो जीव चोरून ऐकत भाषा शिकतो, वाचतो, आपली बाजू पानेच्या पाने मांडतो. रंगमंचावर त्याला शब्दच नाहीत, जे काही आहे ते देहाने सांगायचे. माझे तसे नाही. मला बोलता येते, आणि निहार दाराआडून का होईना, गोष्ट संपेपर्यंत ऐकतो. सध्या एवढे मला चालेल.

तरीही स्कार्लेटने तो म्हातारा गाळायला नको होता. आंधळ्या कोशिंबिरीतला स्पर्श फार सुंदर आहे, पण ज्याची पट्टी कधीच निघणार नाही असा एक माणूस त्या जीवाला क्षणभर तरी भेटायला हवा होता.