‘ब्लॉक्ड’चा छडा लागला : सात पीसी, एक यादी, नोंद पाचवी

आज सकाळी तिसऱ्या विंडोज पीसीवर क्रोम उघडलं आणि मी हात न लावता ‘वाचनसोय’ हे माझं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, येऊन बसलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. घरातल्या सातही पीसींवर ठरलेली एक्स्टेंशन्स एकाच यादीतून आपोआप बसवायची, हा या नोंदींचा विषय. मागच्या नोंदीत चार लिनक्स पीसी पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं आणि राहिलेल्या तीन विंडोजला एक संध्याकाळ पुरेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सहा संध्याकाळी गेल्या, आणि त्यातल्या साडेपाच एकाच ओळीपायी.

स्टोअरमधल्या एक्स्टेंशन्सनी अजिबात त्रास दिला नाही, ते आधी सांगून टाकतो. विंडोजवर क्रोमच्या पॉलिसी, म्हणजे ब्राउझरला वरून लावलेले नियम, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) राहतात. तिथे ‘एक्स्टेंशनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ नावाची की (सक्तीने बसवायच्या एक्स्टेंशन्सच्या यादीचा कप्पा) तयार करायची, आत १, २, ३ अशी नावं देऊन मजकूर भरायचा, आणि प्रत्येक मजकुरात एक्स्टेंशनचा आयडी, अर्धविराम, मग अपडेटचा पत्ता. अ‍ॅन्सिबलचं (अनेक पीसी एकदम सेट करणाऱ्या साधनाचं) विन-रेजएडिट मॉड्यूल हे काम नेमकं करतं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट आणि पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन तिन्ही पीसींवर पहिल्याच फेरीत बसले. जुनं यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर आता विसरायचं. ते ज्या जुन्या पद्धतीवर बांधलं आहे ती, मॅनिफेस्ट व्ही-२, चालू ठेवणारी पॉलिसी क्रोमच्या १३८ व्या आवृत्तीपर्यंतच होती, १३९ पासून तीही गेली. फायरफॉक्सवर ते अजून उत्तम चालतं आणि मी तिथे तेच ठेवलं आहे.

अडलं ते माझं स्वतःचं एक्स्टेंशन. नवीन वाचकांसाठी एका वाक्यात : देवनागरी मजकुराच्या ओळी दाटीवाटीने बसल्या की रफार वरच्या ओळीत घुसतो आणि उकार खाली कापला जातो, म्हणून ‘वाचनसोय’ अक्षर मोठं करतं आणि ओळींमधलं अंतर वाढवतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हेच एक्स्टेंशन सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ते सातही पीसींवर हवंच होतं.

लिनक्सवर ते माझ्याच छोट्या सर्व्हरवरून उतरत होतं. एक्स्टेंशनची पॅक केलेली सीआरएक्स फाइल आणि तिच्या शेजारी आवृत्तीचा आकडा सांगणारी एक्सएमएल फाइल, बस. तीच ओळ, तोच आयडी, तोच पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत टाकला. काहीच झालं नाही. एरर नाही, सूचना नाही, एक्स्टेंशनच्या पानावर नावसुद्धा नाही.

पहिला संशय आयडीवर गेला, कारण तिसऱ्या नोंदीत त्यानेच मला रडवलं होतं. क्रोमचा आयडी म्हणजे एक्स्टेंशनच्या सहीच्या पब्लिक कीच्या शा-२५६ हॅशचे (गणिताने काढलेल्या ठशाचे) पहिले १२८ बिट. ते हेक्साडेसिमल म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहून ० ते एफच्या जागी ए ते पी ही अक्षरं घालतात, म्हणून तो नेहमी ३२ अक्षरी असतो आणि त्यात ‘क्यू’ किंवा ‘झेड’ कधीच दिसत नाही. खासगी की ठेवणारी पेम फाइल न देता पुन्हा पॅक केलं की नवी की, आणि नवी की म्हणजे नवा आयडी. पण या वेळी ३२ च्या ३२ अक्षरं जुळत होती. मी ती कागदावर चार-चारच्या गटांत लिहून पडताळली.

दुसरी संध्याकाळ एक्सएमएलवर आणि सर्व्हर सीआरएक्सला कोणता कंटेंट-टाइप (फाइलच्या प्रकाराचं लेबल) लावतो यावर गेली. तिसरी सर्टिफिकेटवर. विंडोज माझ्या घरगुती सर्टिफिकेटला मानत नसेल असं वाटलं, म्हणून तेही तिन्ही ठिकाणी बसवलं. फरक शून्य.

चौथ्या संध्याकाळी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सर्व्हरचा लॉग (कोणी काय मागितलं याची यादी) उघडून ठेवला आणि एकेका पीसीवर क्रोम बंद करून पुन्हा सुरू केलं. लिनक्सवाल्याने एक्सएमएल मागितली, ओळ उमटली. दुसऱ्याने मागितली, उमटली. विंडोजवाल्या तिघांची एकही ओळ आली नाही. म्हणजे ते माझ्या सर्व्हरच्या दारापर्यंत येतच नव्हते! एक्सएमएल बरोबर आहे की चूक, सर्टिफिकेट खरं की खोटं, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. तुमच्यापैकी कोणी स्वतःच्या सर्व्हरवरून एक्स्टेंशन वाटत असेल तर कळकळीने सांगतो, आधी लॉग बघा. मागणी येते की नाही एवढं कळलं तरी अर्धे संशय गळून पडतात.

मग क्रोमचं पॉलिसी पान उघडलं. हे पान मी आधीही पाहिलं होतं, पण फोर्सलिस्टची ओळ लांब असते आणि पूर्ण मजकूर दिसायला ती उघडावी लागते. या वेळी उघडली. बाकी दोन आयडी स्वच्छ. माझ्या आयडीच्या डाव्या अंगाला चौकटी कंसात मोठ्या अक्षरांत एकच शब्द : ब्लॉक्ड.

तो शब्द धरून पॉलिसीचं अधिकृत वर्णन शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचलं आणि सगळा उलगडा झाला. विंडोजवर, स्टोअरबाहेरचं एक्स्टेंशन सक्तीने बसवायचं असेल तर तो पीसी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या किंवा मायक्रोसॉफ्ट एन्ट्राच्या (संस्थेचे पीसी एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थांच्या) कक्षेत असावा लागतो, नाहीतर क्रोमच्या क्लाउड व्यवस्थापनात नोंदलेला. नुसत्या रजिस्ट्रीतल्या ओळीवर विश्वास ठेवला जात नाही. मॅकवरही याच धर्तीची अट आहे. लिनक्सवर नाही, म्हणूनच माझी चारही मशीन्स बिनबोभाट चालली आणि मी चुकीच्या दिशेने शोधत राहिलो. नियमामागचं कारण मला पटतं. रजिस्ट्रीत गुपचूप ओळ टाकून लोकांच्या ब्राउझरमध्ये नको ती एक्स्टेंशन्स घुसवणं ही मालवेअरची जुनी चाल आहे. विंडोजवर स्टोअरबाहेरच्या एक्स्टेंशन्सना २०१४ पासूनच लगाम आहे, त्याच भिंतीचा हा एक भाग.

तर मग काय करायचं? पहिला विचार आला सांबाचा, म्हणजे तसंच डोमेन (एकत्र सांभाळलेला पीसींचा गट) उभारणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमचा. सर्व्हरवर जागा आहे, सांबाने घरगुती डोमेन उभं करू आणि तिन्ही पीसी त्यात आणू. उत्साहात अर्धं बसवलंसुद्धा. डीएनएसपर्यंत पोचलो आणि मग लक्षात आलं की तीनपैकी दोन पीसींवर विंडोजची होम आवृत्ती आहे, आणि होमला डोमेनमध्ये जाताच येत नाही. सांबा तिथेच पुसलं. क्लाउड व्यवस्थापनाला होम आवृत्तीची अडचण नाही, रजिस्ट्रीत एक टोकन टाकलं की नोंदणी होते. पण घरातल्या माणसांचे ब्राउझर एखाद्या कन्सोलला जोडायचे हे मनाला पटेना. हे सगळं एका छताखाली करून देणारं एक सशुल्क साधनही चाचणीपुरतं घेऊन पाहिलं. ते शेवटी रजिस्ट्रीत याच ओळी लिहितं, आणि तिच्यापुढे तोच ब्लॉक्ड शब्द येतो. त्याचे पैसे वाचवा.

उरला सरळ रस्ता : एक्स्टेंशन स्टोअरमध्येच टाकायचं, पण ‘अनलिस्टेड’ ठेवून. शोधात सापडत नाही, थेट पत्ता असलेल्यालाच दिसतं, आणि फोर्सलिस्टच्या दृष्टीने मात्र ते स्टोअरचंच. यासाठी ‘वाचनसोय’ची परवानग्यांची यादी कापली. आधी ते सगळ्या साइट्सवर चालायची परवानगी मागत होतं. अशा व्यापक परवानगीला तपासणी जास्त लागते, आणि खरं तर घरात वाचल्या जाणाऱ्या साइट्स अकराच आहेत. त्या अकरा नावाने लिहिल्या. कोड ४० ओळींनी कमी झाला आणि मला तो आधीपेक्षा जास्त आवडतो. पाच दिवसांनी मंजुरी आली, स्टोअरने दिलेला नवा आयडी यादीत घातला, आणि आज सकाळचं ते अर्धं मिनिट अनुभवलं. स्टोअरच्या डॅशबोर्डवर दिसणारी पब्लिक की मॅनिफेस्टच्या (एक्स्टेंशनच्या माहिती-फाइलच्या) ‘की’ रकान्यात डकवली, त्यामुळे माझ्या विकासाच्या मशीनवर अनपॅक्ड (पॅक न करता) चालवतानाही आयडी तोच राहतो.

मंजुरीची वाट बघत असताना फायरफॉक्स उरकलं, आणि तो अनुभव फार सुखाचा होता. फायरफॉक्सलाही मोझिलाच्या डिजिटल सहीशिवाय एक्स्टेंशन चालत नाही, पण त्यांच्याच वेब-एक्स्ट साधनाने ‘स्वतः वाटप’ या प्रकारात सही मागितली आणि चहा संपायच्या आत एक्सपीआय, म्हणजे फायरफॉक्सची एक्स्टेंशन-फाइल, हातात. पॉलिसीज-जेसन फाइलमध्ये तिचा पत्ता दिला, फोर्स-इन्स्टॉल्ड लिहिलं, सातही पीसी झाले. पत्ता स्थानिक फाइलचाही चालतो. आवृत्तीचा आकडा मी फाइलच्या नावातच ठेवतो, म्हणजे नव्या आवृत्तीबरोबर पत्ताही बदलतो. एक स्वल्पविराम जास्त पडला होता तेवढा फायरफॉक्सच्या पॉलिसी पानाने लगेच दाखवून दिला.

सेटिंगही आता वरूनच जातात. आईच्या पीसीवर अक्षर १४० टक्के, माझ्यावर ११०, भाचीच्या पीसीवर जसं आहे तसं. त्यासाठी एक्स्टेंशनमध्ये मॅनेज्ड स्टोरेज (पॉलिसीतून आलेली सेटिंग) वाचायची सोय केली. क्रोमला त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये स्कीमा (सेटिंगचा आराखडा) जोडावा लागतो, फायरफॉक्सला नाही. दोन खाचखळगे लिहून ठेवतो. ही सेटिंग ज्या ‘थर्डपार्टी’ भागात लिहायची त्याच्या आतला ‘एक्स्टेंशन्स’ हा शब्द फायरफॉक्समध्ये मोठ्या ई-ने लिहायचा, क्रोममध्ये छोट्या. आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत आयडीच्या आत आणखी एक ‘पॉलिसी’ नावाची की हवी, जी लिनक्सच्या जेसनमध्ये नसते. आईने आज सकाळी पान उघडलं आणि चष्मा न शोधता पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट घरात आधी सांगायला हवी होती. पॉलिसी लागली की ब्राउझरच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ येते. वहिनी घाबरल्या, पीसी कोणी ताब्यात घेतला असं त्यांना वाटलं. बसून पॉलिसी पान दाखवलं, काय सक्तीने बसवलं आहे ते एकेक वाचून दाखवलं. सक्तीचं एक्स्टेंशन वापरणाऱ्याला काढता येत नाही, त्यामुळे त्याला न सांगता ते बसवणं बरोबर नाही. यादी आता प्रत्येकाला छापून दिली आहे.

हे लिहिता लिहिता पुढचा बेत बदलला. विंडोज स्टोअरवरून आणि लिनक्स माझ्या सर्व्हरवरून अशी दोन आयडींची व्यवस्था ठेवणार होतो, पण आता तिला अर्थ नाही. चारही लिनक्स पीसी स्टोअरच्या आयडीवर आणतो आणि सर्व्हरवरची एक्सएमएल बंद करतो. एकच वायएएमएल (साध्या मजकूर-फाइलीतला) तक्ता : एक्स्टेंशनचं नाव, क्रोमचा आयडी, फायरफॉक्सचा आयडी, कोणत्या पीसीवर. त्यातूनच रजिस्ट्रीच्या ओळी आणि दोन्ही जेसन (लिनक्सवरच्या क्रोमची आणि फायरफॉक्सची) तयार होतील. फक्त एक काळजी घ्यायची आहे. यादी लहान झाली तर रजिस्ट्रीतला जुना ५ नंबर तसाच राहतो, म्हणून जास्तीचे नंबर वेगळे पुसावे लागतील. पूर्ण की पुसून नव्याने भरायची सोपी वाट मी घेणार नाही, कारण नाव यादीतून गेलं की क्रोम ते एक्स्टेंशन काढतं आणि त्याने साठवलेलंही जातं.

याच कारणाने लिनक्सवर जुना आयडी काढण्याआधी ‘वाचनसोय’मध्ये निर्यातीचं बटण घालावं लागेल. बाबांनी त्यांच्या पीसीवर साइटनिहाय अक्षरांचे आकार स्वतः बसवले आहेत, ते स्थानिक स्टोरेजमध्ये आहेत. ते बटण तयार होईपर्यंत त्यांचा पीसी जुन्या आयडीवरच.