नेहमीचे पंच

मेरीलँडमधल्या ज्या काउंटीत मी वीस वर्षं राहतोय, तिथे पोलिसांविरुद्ध सामान्य माणसांनी केलेल्या तक्रारींवर निर्णय देणारी पाच नागरिकांची समिती आहे. त्या पाचांत मी एक. पोटापाण्यासाठी मी ऑडिट करतो. व्हाउचर बघायचे, तारखा जुळवायच्या, बिलं खरी की खोटी ते ओळखायचं. कायद्याचं शिक्षण शून्य. समितीवर घेतलं तेव्हा बायको म्हणाली, "तुला साधा ट्रॅफिक पोलीस दिसला तरी घाम फुटतो."

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फरक इतकाच की इथलं पोलीस खातं त्या काउंटीचंच. पोलीस प्रमुखाची नेमणूक आणि खात्याचं बजेट सगळं स्थानिक. पोलिसांसाठी खास 'हक्कांची सनद' कायद्याने करणारं मेरीलँड हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, १९७४ सालचं. त्या सनदेमुळे पोलिसाची चौकशी पोलीसच करणार, असा मामला होता. २०२१ मध्ये विधिमंडळाने ती मोडीत काढली. गव्हर्नर होगन यांनी नकाराधिकार वापरला, तोही विधिमंडळाने उलथवला. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक काउंटीत अशी समिती आली. तपास अजूनही खात्याचाच अंतर्गत विभाग करतो. पण ते बाड आमच्याकडे येतं आणि दोषारोप ठेवायचे की नाहीत ते आम्ही ठरवतो. आम्ही सुचवलेली शिक्षा प्रमुखाला वाढवता येते, कमी करता येत नाही. ही तरतूद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत एकदा वाचली होती.

कागदावर अधिकार भरपूर आहेत. प्रत्यक्षात कामाचं स्वरूप असं की, महिन्यातून दोन संध्याकाळी काउंटीच्या इमारतीतल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, थंड झालेला पिझ्झा खायचा आणि फायलींचा गठ्ठा उपसायचा. "पोलीस उर्मट बोलला", "माझं ऐकूनच घेतलं नाही", "दंडाचं तिकीट चुकीचं दिलं". बहुतेकांत व्हिडिओ बघितला की पाच मिनिटांत उलगडा होतो. आणि बहुतेकांत पोलीस बरोबर असतो, हेही सांगून टाकतो, कारण मी समितीवर आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं की आम्ही रोज एकेकाची वर्दी उतरवतो.

आता सांगतोय ते प्रकरण केव्हाच निकालात निघालंय. तरी गुप्ततेची शपथ आहे, म्हणून माणसं, जागा आणि वेळा बदलल्या आहेत.

त्या संध्याकाळी चौदा फायली होत्या. आमची फाइल बारावी, तोवर नऊ वाजून गेलेले. एल साल्वादोरहून आलेला, पन्नाशीचा, रात्री ऑफिसं साफ करणारा माणूस. दोन ठिकाणच्या कामांमध्ये तासाभराची सवड असे. ती तो बंद झालेल्या दुकानांसमोरच्या पार्किंगमध्ये गाडीत डुलकी काढून घालवायचा. कुणीतरी ९११ ला फोन केला, संशयास्पद गाडी उभी आहे म्हणून. पोलीस आला. तक्रार अशी की पोलिसाने शिवी दिली, दार उघडून ओढून काढलं, खाली पडलो, खांदा दुखावला. खात्याचा अहवाल तीन पानी. शिवीला पुरावा नाही. ओढलं ते 'हाताला धरून बाहेर आणलं' या सदरात, म्हणजे बळाचा वापर म्हणून नोंद करायची गरज नाही. कॅमेरा जरा उशिरा सुरू झाला, 'प्रसंग अचानक उद्भवल्यामुळे'; तोंडी समज दिली आहे. शिफारस: दोषमुक्त.

छातीवरच्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. तो सुरू नसतानाही चित्र टिपत असतो, पण ठेवत नाही. पोलिसाने बटण दोनदा दाबलं की मागची तीस सेकंदं जपली जातात, फक्त आवाजाशिवाय. त्यामुळे बहुतेक व्हिडिओ मूकपटासारखेच सुरू होतात. या फायलीत जे काही घडलं ते सगळं त्या तीस सेकंदांत होतं. काचेवर टॉर्चचा उजेड, पोलिसाच्या तोंडातून निघणारी वाफ, दार, एक बाही, मग डांबर. आणि आवाज आला तो थेट विव्हळण्याचा.

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, कामाला वाघ. त्या म्हणाल्या, "आवाजच नाही तर आपण काय ठरवणार? मान्य करायचं?" दोघांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली. सहीचा कागद माझ्यासमोर सरकला.

आणि मला एकदम बजाज एम-८० आठवली.

१९९७ सालची गोष्ट. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव, मी कॉलेजात, काकांची एम-८०, खिशात लायसन नाही. नाक्यावर हवालदाराने अडवलं. मी गयावया केली. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "शिकलेला दिसतोस. चल, पंच म्हणून सही कर, सोडतो." शेजारच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ आधीच पेन काढून बसले होते. ते त्या ठाण्याचे नेहमीचे पंच, हे मला मागाहून कळलं. कायदा म्हणतो की झडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, म्हणजे पोलिसाने जे पाहिलं ते त्यांनीही पाहिलेलं असावं. कल्पना किती सुरेख! मला दाखवलेला कागद अर्धा कोरा होता. मी नाव, वय, पत्ता लिहिला आणि सही ठोकली. वर हवालदाराने चहा पाजला. आपण सुटलो या आनंदात मी घरी गेलो.

काउंटीच्या त्या खोलीत मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "मला वेळा बघू द्या." सगळ्यांनी उसासे टाकले. ऑडिटरबद्दल लोकांच्या मनात आधीपासूनच फारसं प्रेम नसतं.

व्हिडिओच्या कोपऱ्यातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, शेवटी 'झेड' हे अक्षर असतं. थंडीत आमच्यापेक्षा पाच तास पुढे. आईला फोन करायचा म्हणून वीस वर्षं दोन घड्याळं डोक्यात चालवणाऱ्या माणसाला हे काही जड नाही. मूकपट सुरू होतो ०३:४९ ला, म्हणजे रात्री १०:४९. आता नियंत्रण कक्षाची नोंद: कोणती गाडी कधी पोचली त्याची छापील यादी, जी फायलीत शेवटी असते आणि जी कुणी बघत नाही. पहिला पोलीस १०:४६. दुसरी गाडी, दुसरा पोलीस, १०:४७.

दुसरा पोलीस? अहवालात त्याचा एका ओळीत उल्लेख होता, 'मदतीस हजर'. त्याचा जबाब नव्हता. त्याचा व्हिडिओही नव्हता.

आम्ही फाइल परत पाठवली. अंतर्गत विभागाच्या सार्जंटने पत्रात सौम्य नाराजी दाखवली, पण नऊ दिवसांत व्हिडिओ आला. वेगळ्या घटनाक्रमांकाखाली साठवला गेला होता म्हणे. असेलही. मी खूप ऑडिट केलीत. लपवाछपवीपेक्षा गबाळेपणा कितीतरी जास्त असतो.

दुसरा पोलीस आधीच्या कामावरून कॅमेरा सुरू ठेवूनच आला होता. तो चार गाड्यांच्या अंतरावर उभा. आवाज बारीक, वारा मोठा. आम्ही पाचही जण टेबलावर ओणवे झालो.

पहिलं म्हणजे, शिवी नव्हती. मी मनातल्या मनात पोलिसाला दोषी ठरवून बसलो होतो, आणि तो पोरगा (सव्वीस वर्षांचा) थंडीत उभा राहून "सर, प्लीज काच खाली घ्या" असं चार-चारदा म्हणत होता. आतला माणूस काहीतरी उत्तर देत होता, पुन्हा पुन्हा तेच. आमच्यातल्या नर्सला स्पॅनिश येतं. तिने व्हिडिओ थांबवला. "नो बाहा. तो म्हणतोय काच खाली जात नाही. बिघडली आहे."

अमेरिकेतली माझी पहिली गाडी जुनी कोरोला होती. तिचीही ड्रायव्हरच्या बाजूची काच जायची नाही. टोल द्यायला दार उघडावं लागे.

दोन मिनिटं हे चाललं. मग माणूस दाराच्या कडीकडे वाकला, कडी वाजली, आणि पोलिसाने दार हिसकून त्याला दंडाला धरून बाहेर खेचलं. तो खांद्यावर आपटला. मग दुसरा पोलीस जवळ येत म्हणतो, "कॅमेरा चालू आहे ना रे तुझा?" क्षणभर काही नाही. पहिल्याचा हात छातीकडे जातो. बीप, बीप.

खोलीत कुणी बोललं नाही. पहिल्या व्हिडिओतला आवाज नेमका इथून सुरू होत होता.

'अचानक' हा शब्द तिथे मेला. दोन मिनिटं उभं राहून अचानक काय उद्भवलं? आम्ही पहिल्या पोलिसाला समितीपुढे बोलावलं. तसा अधिकार आहे. सोबत युनियनचा प्रतिनिधी. वर्दीतला पोरगा, कानाच्या पाळ्या लाल. तो म्हणाला, "तो खाली वाकला, मला त्याचे हात दिसेनात." हे खोटं नव्हतं, व्हिडिओत हात खरंच दिसत नाहीत. कॅमेऱ्याबद्दल म्हणाला, "दाबला होता असं वाटलं." प्रतिनिधीने त्याच्या दंडाला हात लावला आणि तो गप्प झाला.

त्यानंतर आम्ही तीन तास भांडलो. २०२२ पासून इथल्या कायद्यात बळाच्या वापरासाठी दोन शब्द आहेत, आवश्यक आणि प्रमाणशीर. त्या दोन शब्दांवर रात्रीचे साडेदहा वाजले. ओढण्याच्या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन मतांनी पोलीस दोषमुक्त. मी दोघांत होतो, आणि मी बरोबर होतो याची आजही खात्री नाही. कॅमेरा वेळेत सुरू न करणं आणि माणूस जखमी झाल्याची नोंद न करणं, यावर दोषारोप एकमताने. खोटं बोलल्याचा आरोप मात्र आम्ही ठेवला नाही. त्यात नोकरीच जाते, आणि 'वाटलं' या शब्दाच्या आत शिरून बघता येत नाही. त्याने शिक्षा मान्य केली. नसती केली तर प्रकरण न्यायाधीश, एक नागरिक आणि त्याच्याच हुद्द्याचा एक पोलीस अशा तिघांच्या मंडळापुढे गेलं असतं.

निर्णयाची प्रत तक्रारदारालाही जाते. शिवीच्या आरोपापुढे कायद्याने ठरवून दिलेला शब्द लिहावा लागतो, मराठीत त्याला 'निराधार' म्हणू. आपल्याकडे हा शब्द दोन ठिकाणी चालतो, खोट्या आरोपासाठी आणि तहसील कचेरीतल्या विधवांच्या पेन्शन योजनेसाठी. तो माणूस खोटं बोलला असं मला वाटत नाही. झोपेतून उठवलेल्या, इंग्रजी न कळणाऱ्या माणसाला टॉर्चच्या मागून आलेला आवाज शिवीसारखा वाटला असेल. हे लिहायला त्या छापील नमुन्यात जागा नाही. मी एवढंच करू शकलो की पत्र स्पॅनिशमध्येही जाईल असं बघितलं. नर्सने भाषांतर तपासलं. मी सही करण्याआधी सातही पानं वाचली, आणि अध्यक्षबाई कोट घालून दिवा बंद करायला माझी वाट बघत उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर आईला फोन लावला. तिच्याकडे सकाळ. बोलता बोलता विचारलं, मागे ते कोर्टाचं समन्स आलं होतं, त्याचं काय झालं होतं गं? त्या पंचनाम्याचा खटला पाच वर्षांनी उभा राहिला होता, मी तेव्हा इकडे नुकताच आलेलो. कुणाच्या घराची झडती, काय सापडलं, कोण आत गेलं, मला काही ठाऊक नाही.

"व्हायचंय काय," आई म्हणाली. "पोलीस आला होता कागद घेऊन. मी सांगितलं, मुलगा परदेशात आहे. त्याने तसं लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला."