पगारातून एक डॉलर न कापता मिळणारी मालकी: अमेरिकेतलं ईसॉप

इकडे ट्रकच्या मागच्या दारावर, सुपरमार्केटच्या पाटीखाली, अगदी पिठाच्या पिशवीवरसुद्धा ‘एम्प्लॉयी ओन्ड’, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मालकीची, असं छापलेलं असतं. आपल्याकडून आलेली बहुतेक मंडळी ते जाहिरातीचं वाक्य समजून पुढे जातात. ही मालकी बहुधा ईसॉप नावाच्या योजनेतून येते. ईसॉप म्हटलं की आपल्याला आठवतात ते आयटी कंपन्यांचे ऑप्शन्स: ठरलेल्या भावाने शेअर स्वतःच्या पैशाने घ्यायचे, घेतल्याबरोबर फरकावर पगारासारखा कर भरायचा आणि मग भाव चढायची वाट बघायची. अमेरिकेतलं ईसॉप हे नाही. ते निवृत्तीचं खातं आहे, १९७४ च्या एरिसा या निवृत्ती योजनांच्या कायद्याखाली चालतं, आणि त्यात कामगाराने खिशातून काहीच घालायचं नसतं.

कल्पना लुई केल्सो या सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलाची. १९५६ मध्ये त्याने एका वृत्तपत्र कंपनीच्या निवृत्त होणाऱ्या मालकांचे शेअर असेच कर्मचाऱ्यांकडे वळवून दिले. कामगाराकडे भांडवल नाही, मग कंपनीच्या पुढच्या नफ्यावर कर्ज काढून त्याच्यासाठी शेअर घ्यायचे, हा त्याचा सरळ विचार. आज अशा साडेसहा हजारांच्या आसपास योजना आहेत आणि त्यातल्या बहुतेक कंपन्यांची नावं तिकडे भारतात कोणी ऐकलेलीही नसतील: बांधकाम, इंजिनिअरिंग, घाऊक माल, किराणा. ओरेगॉनमधल्या बॉब्ज रेड मिल या पिठांच्या कंपनीच्या मालकाने २०१० मध्ये आपल्या ८१ व्या वाढदिवसाला कंपनी कामगारांकडे द्यायला सुरुवात केली आणि २०२० पर्यंत ती शंभर टक्के त्यांची झाली.

आकडे मांडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून एक नमुना मांडतो. मालकाकडे १० लाख शेअर आहेत, भाव प्रत्येकी १० डॉलर. कंपनी कर्मचाऱ्यांच्या वतीने शेअर धरणारा एक ट्रस्ट स्थापते, कर्ज उभारते आणि ट्रस्ट ते सगळे शेअर १ कोटी डॉलरला घेतो. हे शेअर लगेच कोणाच्या नावावर होत नाहीत, एका वेगळ्या खात्यात अडकून राहतात. कंपनी दरवर्षी ट्रस्टमध्ये रक्कम भरते, त्यातून कर्जाचा हप्ता जातो, आणि जेवढं कर्ज फिटलं त्या प्रमाणात शेअर मोकळे होतात. कर्ज दहा वर्षांचं धरलं तर वर्षाला साधारण १ लाख शेअर. त्यांची वाटणी बहुधा पगाराच्या प्रमाणात होते. एकूण पगारखर्च ८० लाख डॉलर आणि तुमचा पगार ८० हजार असेल, तर तुमचा वाटा एक टक्का, म्हणजे वर्षाला १,००० शेअर. पाच वर्षांत ५,०००.

पहिल्या वर्षी इथे हमखास घबराट उडते. व्यवहार झाल्यावरच्या पहिल्या मूल्यांकनात भाव १० वरून एकदम खूप खाली आलेला दिसतो. कंपनी बुडालेली नसते. तिच्या डोक्यावर १ कोटीचं कर्ज आलेलं असतं आणि तेवढं मूल्यातून वजा होतं. कर्ज फिटत जातं तसा भाव वर येतो, धंदा जागच्या जागी राहिला तरीही. म्हणून पहिल्या दोन-तीन स्टेटमेंटवरून ‘यात काही राम नाही’ असं ठरवून सोडून जाणारे लोक नेमके चुकीच्या वेळी जातात.

हे सगळं कंपनीला परवडतं ते करामुळे. ट्रस्टमध्ये भरलेली रक्कम खर्चात धरता येते, त्यामुळे कर्जाची मुद्दलसुद्धा करापूर्वीच्या पैशातून फिटते. एस कॉर्पोरेशन प्रकारच्या कंपनीत, म्हणजे जिच्या नफ्यावरचा कर कंपनीऐवजी भागधारकांना लागतो तिच्यात, ईसॉपच्या वाट्याच्या नफ्यावर १९९८ पासून फेडरल आयकरच लागत नाही. कंपनी शंभर टक्के ईसॉपची असेल तर सगळाच नफा त्यातून सुटतो. उरलेल्या पैशातून कर्ज लवकर फेडता येतं.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा आणि हिशोब खात्यातला मॅनेजर एकाच नियमाने खातेदार असतात. वय २१, एक वर्षाची नोकरी आणि त्या वर्षात १,००० तास, एवढं झालं की सहसा नाव लागतं. मुंबईत १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींचं सोनं झालं, आणि कामगारांचे वारस आजही म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेत. त्या गिरण्यांच्या शेअरमधला शंभरातला एक जरी कामगारांच्या नावावर असता, तर परळचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

पण आपल्याकडे मालकीची अक्कल नव्हती असं कोणी इकडे म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, आणि पापड लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण आहे. कुर्ल्यातली कमानी ट्यूब्स १९८८ मध्ये कामगारांनी स्वतः चालवायला घेतली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना तर केल्सोच्याही आधीचा. फक्त त्या कारखान्याचा मालक ऊस घालणारा शेतकरी, बॉयलरवर उभा राहणारा कामगार नव्हे. हा फरक आपण सहकाराचा गौरव करताना विसरतो.

आता ज्या नियमाची चीड येते तो. खात्यावर शेअर दिसले म्हणजे ते तुमचे झाले असं नाही. व्हेस्टिंग, म्हणजे शेअरवर पक्का हक्क मिळणं, दोनपैकी एका रीतीने होतं: तीन वर्षं पूर्ण झाल्यावर एकदम शंभर टक्के, किंवा दुसऱ्या वर्षाला २० टक्के आणि तिथून दरवर्षी २० करत सहाव्या वर्षी पूर्ण. कंपनी याहून उदार असू शकते, कंजूष नाही. त्याआधी गेलात तर राहिलेला भाग परत जातो आणि बहुधा मागे राहिलेल्यांत वाटला जातो. इथपर्यंत ठीक. पण पूर्ण व्हेस्ट झालेला माणूस नोकरी सोडून गेला, तर कायद्याने कंपनी त्याचं पहिलं देणं सहाव्या वर्षापर्यंत लांबवू शकते आणि पुढे पाच वर्षं हप्त्यांनी देऊ शकते. सी कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे आपला आयकर स्वतः भरणाऱ्या कंपनीत, कर्ज शिल्लक असेल तर आणखीही थांबवू शकते. निवृत्ती, अपंगत्व किंवा मृत्यू असेल तर मात्र पुढच्या वर्षापर्यंत सुरुवात करावीच लागते. म्हणजे चाळिशीत सोडून जाणाऱ्याची पुंजी दहा-अकरा वर्षं अशा कंपनीत अडकते, जिच्या कारभारावर त्याचा काडीचाही ताबा उरलेला नाही. काही कंपन्या सोडणाऱ्याचे शेअर लगेच रोख गुंतवणुकीत बदलून टाकतात, काही तसेच ठेवतात, आणि मग भाव पडला तर तोटा त्याचाच.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना हे सगळ्यात जास्त जाचतं. परत गेल्यावरही ते खातं इथेच राहतं, भारतात रहिवासी झाल्यावर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवावं लागतं, आणि पैसे येताना परदेशी रहिवाशांसाठीचा डब्ल्यू-एट-बेन फॉर्म भरून दोन देशांमधल्या कराराचा लाभ मागितला नसेल तर ३० टक्के कर आधीच कापला जातो. इथे असताना रक्कम हातात घेण्यापेक्षा थेट आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवावी. हातात घेतली तर २० टक्के कापून मिळते, आणि साडेएकोणसाठच्या आत १० टक्के दंडही लागतो. ५५ व्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडलेल्याला तो दंड नाही. तरीही मोठ्या नावाच्या कंपनीचा जास्त पगार सोडून चांगल्या ईसॉप कंपनीत दहा वर्षं टिकणारा माणूस हिशोबात चुकत नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

‘चांगली’ हा शब्द महत्त्वाचा. खासगी कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत, ते कंपनीनेच परत घ्यायचे असतात. एका पिढीचे लोक एकदम निवृत्त झाले की त्या वर्षी रोख कुठून आणणार, याचा हिशोब आधी केला नसेल तर बरी चाललेली कंपनीही विकावी लागते. शिवाय सगळी अंडी एकाच टोपलीत असतात, पगारही तिथूनच. म्हणून ५५ वर्षं वय आणि योजनेत दहा वर्षं झाली की पाच वर्षं २५ टक्क्यांपर्यंत आणि सहाव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत शेअर दुसरीकडे वळवायचा हक्क मिळतो. तो दरवर्षी ९० दिवसांच्या खिडकीत वापरायचा असतो आणि बरेच जण तारीख चुकवतात. युनायटेड एअरलाइन्सचं काय झालं ते ठाऊक असायला हवं: १९९४ मध्ये पगारकपात सोसून कर्मचाऱ्यांनी ५५ टक्के मालकी घेतली आणि डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पगार देऊन घेतलेली मालकी आणि पगारावर वर मिळालेली मालकी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून मुलाखतीतच विचारा: ईसॉप फोर-ओ-वन-के या पगारातून कापून भरायच्या निवृत्ती खात्याच्या जोडीला आहे की त्याच्या जागी? शेअर परत घेण्याच्या जबाबदारीचा अभ्यास शेवटचा कधी झाला? सोडून जाणाऱ्याला पैसे किती वर्षांनी देता? नाव लागल्यापासून ९० दिवसांत योजनेचा सारांश हातात मिळायला हवा, त्यात व्हेस्टिंग आणि देण्याचं वेळापत्रक लिहिलेलं असतं. आणि नोकरी धरण्याआधीच बघायचं असेल तर कंपनीचा फॉर्म ५५००, म्हणजे योजनेचा वार्षिक अहवाल, अमेरिकी सरकारच्या कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट उघडता येतो: ट्रस्टची एकूण मालमत्ता, बाकी कर्ज, वर्षभरात किती भरलं आणि किती लोकांना दिलं. सलग तीन वर्षांचे काढून शेजारी ठेवा.