अकीकाचा बाण

काल माझा पहिला दगडी बाण पूर्ण झाला, म्हणून लगेच लिहायला बसलोय. दोन महिने दर रविवारी ओटल्यावर गोणपाट टाकून बसत होतो आणि पहिले तीन रविवार पार वाया गेले, कारण डोक्यात परदेशी व्हिडिओतलं ते मोठं तिकोनी टोक होतं आणि माझ्याकडे अकीकाचे, म्हणजे अगेट या कठीण दगडाचे, लिंबाएवढे गोटे, त्यातून तसं टोक निघणार कसं?

मग खंभातला गेलो. आपल्या बडोद्याहून तसं जवळच, रतनपूरच्या खाणीतला अकीक शेकडो वर्षं तिथेच घडवतात. तिथल्या एका काकांनी दाखवलं, जमिनीत एक टोकदार लोखंडी सळी तिरकी रोवलेली, तिच्या टोकाला दगडाची कड टेकवायची आणि वरून बारीक लवचिक काठीला लावलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारायची. घाव वरून बसतो पण कपची निघते सळीच्या बाजूने! मी जोर लावला की ते म्हणायचे, "धीमे धीमे, भाई." दगड आधी उन्हात वाळवून मडक्यात मंद भाजलेला असतो, त्याने तो लाल होतो आणि कपची साफ सुटते. घरी करणार असाल तर उघड्यावर करा आणि चष्मा, मास्क लावाच, अकीकाची धूळ छातीत बसते, खंभातल्या कितीतरी घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या रोगाने खाल्लंय.

परत आल्यावर लांघणज आठवलं. मेहसाण्याकडचं हे गाव, १९४० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, तिथे सापडलेली दगडी हत्यारं नखाएवढी, काही चंद्रकोरीसारखी. एवढ्याशा तुकड्यांचं करत काय असतील असं मला नेहमी वाटायचं. आता हातानेच कळलं, दगड लहान मिळतो म्हणून पाती लहान, आणि अशा दोन-तीन पाती काडीच्या खाचेत चिकटवल्या की बाण झाला. पातीची एक कड धारदार ठेवायची, दुसरी बारीक टोचून बोथट करायची म्हणजे पाती चिकटवायचा चीक नीट धरतो.

खरी मेहनत मात्र काडीची आणि चिकाची. बांबू निखाऱ्यावर शेकून गुडघ्यावर सरळ करायचा, धनुष्याच्या दोरीची खाच बांबूच्या गाठीला लागून ठेवायची, नाहीतर तो चिरतो. गांध्याकडून, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याकडून, राळ आणली, त्यात कोळशाची भुकटी आणि थोडं मधमाशीचं मेण. नुसती राळ काचेसारखी तडकते, मेणाने लवचिक होते. जास्त उकळली तरी ठिसूळ, माझी दोनदा गेली. वरून घायपाताचा दोर आवळला, मागे कोंबड्याची तीन पिसं, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची.

संध्याकाळी मागच्या अंगणात पेंढ्याच्या गोणीवर सोडला. पुढची पात जागची हलली नाही, चीकही तडकला नाही, पण बाजूची एक पात उडाली. रात्री टॉर्च घेऊन अर्धा तास शोधली, सकाळी तिथे पोरं अनवाणी खेळतात. तुळशीच्या कुंडीमागे मिळाली.