सेरेस मोहीम: नवख्यांच्या हातातली बंदूक ठरली

नागपूरच्या धरमपेठेत रविवारी आमचा गट बसतो आणि प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतो. त्याच्या नियमांतलं बंदुकांचं पान अखेर पूर्ण झालं. मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: सेरेस या बटुग्रहावर बर्फाच्या खाणीची वसाहत आहे. वेल्डर, नर्स, मेस चालवणारी बाई, हिशेबनीस आणि शाळेत एनसीसी केलेला पोरगा अशी पात्रं. पोराने .२२ रायफल पालथं पडून, उस्ताद शेजारी असताना चालवली आहे. बाकीच्यांची मजल जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपर्यंत.

पिस्तूल आधी बाद केलं. चित्रपटांमुळे ते सोपं वाटतं, पण नवख्यासाठी तेच सर्वांत अवघड. त्याला आधार फक्त मनगटांचा. नळीवरच्या नेम धरायच्या मागच्या-पुढच्या खुणांत जेमतेम १५ सेंटीमीटर अंतर असेल आणि चाप ओढताना १ मिलिमीटरचा फरक पडला, तर १० मीटरवर गोळी साडेसहा सेंटीमीटर बाजूला जाते. लांब बंदुकीत हेच अंतर ४० सेंटीमीटर असेल तर चूक अडीच सेंटीमीटरवर येते, शिवाय दस्त्याला, म्हणजे मागच्या भागाला, खांद्याचा टेकू मिळतो. रिव्हॉल्व्हरची बाजू मांडणारा एक जण होता. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, हा त्याचा मुद्दा बरोबर आहे. पण घोडा आधी न चढवता तो चाप ओढायला चांगला जोर लागतो, आणि त्या जोरात नळी हलते.

मग शॉटगन, म्हणजे एका बारात मूठभर छर्रे उडवणारी बंदूक. "भाऊ, माझ्या नर्सला दुनळी दे, नेम लागला नाही तरी चालते," असा नर्सचं पात्र घेतलेल्याचा आग्रह होता. दुनळी म्हणजे दोन नळ्यांची शॉटगन. हा समज आपल्या विज्ञानकथांत फार खोल रुजला आहे. छर्रे साधारणपणे दर मीटरला अडीच सेंटीमीटर पसरतात, म्हणजे चार मीटरच्या खोलीत तळहाताएवढे. तिथे नेम धरावाच लागतो.

सेरेसवर तर दुनळी नकोच. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास. सूटसकट १०० किलोचं माणूस उभं आहे असं धरून मी कागदावर हिशेब मांडला. दुनळीचं बारा बोअरचं काडतूस ३० ग्रॅमच्या आसपास शिसं सेकंदाला ४०० मीटरने फेकतं. तो धक्का खांद्याच्या उंचीवर बसला की नर्स टाचांवर कलते, आणि तिला परत सरळ करायला वजनच पुरत नाही. ती सावकाश, काही सेकंद घेत, उताणी पडते. पिस्तुलात वापरतात ती ९ मिमी जाडीची, ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरने गेली तर धक्का चौथाईच्याही आत, आणि माणूस उभं राहतं. मात्र तीन गोळ्या लागोपाठ सुटल्या तर तेही कोलमडतं. म्हणून आमच्या नियमांत बर्स्ट, म्हणजे एकदा चाप ओढून लागोपाठ गोळ्या, नाही. एका चापाला एकच गोळी.

एका खेळाडूचे काकाजी अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले आहेत. त्यांना हे पान वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बंदूक राहू द्या, तिथे काडतुसं कोण तयार करणार ते सांगा." या प्रश्नाने पानाचा निम्मा भाग बदलला. आता वसाहतीत एकाच प्रकारचं काडतूस, ९ मिमी, आणि ते चालवणारी एकाच प्रकारची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. हेल्मेटमुळे गाल दस्त्याला टेकत नाही, म्हणून तिच्यावर उंच बसवलेली, लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच. जाड हातमोज्यासाठी चापाभोवतीचं कडं मोठं.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. सेरेसच्या पृष्ठभागालगत परिक्रमेचा वेग, म्हणजे खाली न पडता फिरत राहायला लागणारा वेग, सेकंदाला सुमारे ३६० मीटर आहे. सुटकेचा वेग, म्हणजे कायमचं निघून जायला लागणारा, ५१० च्या आसपास. म्हणजे ९०० च्या वर जाणारी रायफलची गोळी कायमची निघून जाते, आणि आमची ९ मिमी नेमकी सेरेसभोवती अडकते! त्यातून सेरेस ९ तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर पूर्वेकडे झाडलेल्या गोळीला सेकंदाला आणखी ९० मीटर मिळतात. वाटेत डोंगर आला नाही तर ती अख्खा सेरेस फिरून मागून येते. पश्चिमेला आडवी झाडलेली सपाटीवर दोनेक किलोमीटरच्या आत पडते. त्यावरून वसाहतीचा पहिला नियम तयार झाला: बाहेर असताना पूर्वेकडे तोंड करून चाप ओढायचा नाही. नवखं माणूस घाबरलं की दिशा विसरतं, आणि पुढचा प्रसंग मी तिथेच रचणार आहे.

आतल्या भागात गोळी भिंतीतून गेली की सगळे बाहेर खेचले जातात, हे दृश्य काढून टाकलं. ९ मिमीच्या भोकातून १०० घनमीटर खोलीचा दाब निम्मा व्हायला दीड तासाच्या वर लागतो. २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात सुमारे २ मिमीचं भोक सापडलं, तेव्हा अंतराळवीरांनी ते चिकटपट्टी आणि सीलंटने बुजवलं होतं. आमचा वेल्डर म्हणूनच झटापटीतही कामाचा.

नवखेपणासाठी नेमाचे गुण नुसते कमी करणं मला पटत नाही. त्याऐवजी फासा वाईट पडला की ठरलेल्या चुकांतली एक होते: सेफ्टी काढायची राहिली, डोळे मिटले, गोळ्या मोजल्या नाहीत, नळी सोबत्याकडे वळली. एनसीसीवाल्या पोराला यातली शेवटची चूक लागू नाही. उस्तादाने ती त्याच्या अंगातून काढली आहे. पण त्याला उभ्याने झाडायची सवय नाही, तो आधी आडवं व्हायला जागा शोधतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लिबरेटर नावाचं एका गोळीचं स्वस्त पिस्तूल काढलं होतं, सोबत शब्दांशिवाय नुसत्या चित्रांचा कागद. तसाच कागद कार्बाइनसाठी काढतोय, मेसवाल्या बाईच्या कपाटात तो चिकटवलेला असेल. पाच चौकटी झाल्या, बंदुकीत काडतुसं भरायची चौकट बाकी आहे. लेझरचं पान पुढच्या वेळी. धक्का नाही, पण चकचकीत भिंतीवरून उलटलेला किरण कोणाच्या डोळ्यात जाईल, हा नियम अजून लिहायचा आहे.